बारीक, सरळ केसांत जुन्या धाटणीच्या लाटा: पिन कर्ल बसवण्यापासून विंचरण्यापर्यंत

ज्यांचे केस बारीक आणि सरळसोट असतात त्यांना पार्लरमध्ये हमखास ऐकवलं जातं, ‘तुमच्या केसांत कर्ल टिकणार नाहीत हो.’ कर्लिंग आयर्नने, म्हणजे बट गुंडाळायच्या गरम नळीने, केलेले टिकत नाहीत, हे खरंच आहे. लग्नघरी सकाळी घातलेले कर्ल अक्षता पडेपर्यंत सरळ होऊन खांद्यावर लोंबायला लागतात. पण १९४०च्या दशकातल्या अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या बायकांच्या डोक्यावर ज्या चकचकीत, सलग लाटा दिसतात त्या बहुतेक वेळा आयर्नच्या नसायच्या. ओलसर केसांच्या छोट्या छोट्या बटा वेटोळ्यांत गुंडाळायच्या, पिना लावायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या आणि मग ब्रशने दणकून विंचरायच्या, अशी ती रीत. आपल्याकडे मधुबाला, नलिनी जयवंत यांच्या जुन्या फोटोंतही याच वळणाचे केस दिसतात.

बारीक केसांवर ही रीत चालते. फक्त दोन ठिकाणी मन घट्ट करावं लागतं. वेटोळी आपल्याला पुरेशी लहान वाटतात त्याहूनही लहान करायची, आणि ब्रश खाली ठेवावासा वाटेल तेव्हा ठेवायचा नाही. पहिल्यांदा करणाऱ्या बहुतेकींचं बिनसतं ते दुसऱ्या ठिकाणी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे जुने फोटो बघून हिरमोड होणार नाही. त्या काळातल्या पुष्कळ बायकांच्या केसांना मुळात पर्म केलेला, म्हणजे रसायनांनी पक्कं वळण दिलेलं, असे. १९४०च्या दशकात अमेरिकेत घरच्या घरी पर्म करायच्या ‘टोनी’सारख्या पेट्याही मिळायला लागल्या होत्या. केस आठवड्यातून एकदा धुवायचे, सेट करायचे आणि रोज रात्री पुन्हा पिनांत अडकवून झोपायचं, हा त्यांचा नेम. म्हणजे एका सकाळच्या हौसेवर ते केस उभे नव्हते. तुमचे पर्म न केलेले सरळ केस पहिल्याच वेळी त्यांच्या जवळपास गेले तरी भरून पावलं म्हणायचं.

पाण्याने बसतं, पाण्यानेच मोडतं

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना धरून ठेवणारे जे बंध असतात त्यांतले हायड्रोजन बंध नाजूक असतात. केस ओला झाला की ते सुटतात. पाणी उडून जाताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. पर्ममध्ये रसायनांनी याहून पक्के, गंधकाचे बंध तोडून पुन्हा जोडतात, म्हणून पर्म केलेला भाग पाण्याने सरळ होत नाही. आपलं काम फक्त हायड्रोजन बंधांवर चालणार आहे.

एवढं लक्षात ठेवलं की पुढचे निम्मे नियम आपोआप कळतात. वेटोळं आतून थोडं जरी दमट असताना उघडलं तर तिथले बंध सरळ आकारात जुळणार, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. हवेत ओल असेल तर ती हळूहळू केसात शिरून वळण सैल करणार. म्हणून पुण्यात डिसेंबरमध्ये बसवलेल्या लाटा दोन-तीन दिवस राहतात आणि त्याच लाटा जुलैमध्ये दादर स्टेशनच्या जिन्यावर उतरतात. पहिला प्रयोग थंडीत किंवा कोरड्या उन्हाळ्यात करा. पावसाळ्यात शिकायला बसलात तर दोष हाताचा की हवेचा हेच समजणार नाही.

केस बारीक असणं आणि विरळ असणं या निराळ्या गोष्टी आहेत. एकेक केस जाडीने कमी पण डोकं भरून केस, असं पुष्कळ जणींचं असतं. त्यांना वेटोळी जास्त लागतील इतकंच. बारीक केसाचा एक फायदाही आहे: तो लवकर भिजतो, लवकर वाळतो आणि विंचरल्यावर अशी चमक धरतो की जाड, राठ केसाला तसं दिसायला बरंच तेलपाणी करावं लागतं.

कापून घेताना काय सांगाल

लांबी ही बारीक केसांची वैरीण. कमरेपर्यंतच्या केसांत लाट बसली तरी वजनाने ती खाली ओढली जाते. खांदा ते गळ्याच्या हाडापर्यंतची लांबी सगळ्यात सोयीची. १९४०च्या दशकात ‘मिडी’ नावाचा कट चालायचा. त्यात मागून इंग्रजी यू अक्षराचा आकार असे आणि वरच्या बटा आखूड, खालच्या क्रमाने लांब असत. आपल्या पार्लरमध्ये ‘यू कट’ म्हटलं की खालची कड गोल करून मिळते, आतले थर मिळत नाहीत. तेव्हा स्पष्ट सांगायचं: यू कट हवा, आणि आत भरपूर लेअर्स हव्यात, वरची सगळ्यात आखूड बट साधारण दहा-बारा सेंटिमीटरची. लेअर्स नसतील तर सगळी टोकं एकाच उंचीवर येऊन खाली घंटेचा आकार होतो आणि डोकं वरून चपटं राहतं.

केस कापायचे नसतील तरी करून बघा. लाटा थोड्या लांबट आणि सैल पडतील.

सामान

फार काही लागत नाही. शेपटीचा कंगवा, फवाऱ्याची बाटली, बांधायला जाळी किंवा सॅटिनचा रुमाल, आणि पिना. काळ्या पिना स्वस्त पडतात, पण एका वेटोळ्याला दोन लागतात, फुलीसारख्या एकमेकींवर. डोकभर तीस-चाळीस वेटोळी धरली तर ऐंशी पिनांची तयारी ठेवा. पिनेच्या टोकावरचा गोळा निघाला असेल तर ती पिन फेकून द्या, टाळू ओरबाडते आणि बारीक केस तोडते. धातूचे सपाट छोटे चाप मिळाले तर उत्तम. त्यांचा दाब हलका असतो, केसावर आडवी खूण राहत नाही आणि एका वेटोळ्याला एकच पुरतो. ऑनलाइन ‘पिन कर्ल क्लिप’ म्हणून शोधलं की सापडतात. अंबाड्याचे आकडे इथे कामाचे नाहीत, ते वेटोळं धरून ठेवत नाहीत.

ब्रशवर मात्र हात आखडू नका. एक रबरी गादीत नायलॉनचे दाते असलेला, १९३८ सालापासून चालत आलेल्या डेन्मन ब्रशच्या घडणीचा. दुसरा दाट, मऊ केसांचा. हा दुसरा परंपरेने रानडुकराच्या केसांचा असतो. ज्यांना ते नको असेल त्यांनी दाट नायलॉनच्या केसांचा घ्यावा. चमक किंचित कमी येते, काम अडत नाही. गोल ब्रश या कामात नको, तो लाट उलगडून टाकतो.

धुणं आणि जवसाचं जेल

आदल्या रात्री तेल लावून सकाळी घाईघाईने धुतलेले केस सेट होत नाहीत. बारीक केसाला तेलाचा पातळ थरही जड होतो आणि पिनेतून बट सुळकन निसटते. शाम्पू नीट दोनदा करा. कंडिशनर लावायचाच असेल तर फक्त खालच्या चार बोटांना, आणि तोही धुऊन टाका. अगदी त्याच दिवशी धुतलेल्या केसांपेक्षा आदल्या दिवशी धुतलेले केस जरा जास्त पकड देतात. ज्यांचे केस फारच निसटते आहेत त्यांनी तसं करून, सेट करताना फवाऱ्याने ओलसर करून घ्यावेत.

नुसत्या पाण्यावर बारीक केसांत लाट टिकत नाही, काहीतरी धरून ठेवणारं हवंच. बाजारात सेटिंग लोशन मिळतं, पण जवसाचं जेल घरात होतं आणि माझ्या मते नवशिक्यांसाठी तेच चांगलं, कारण जास्त झालं तरी केस दगड होत नाहीत. पाव वाटी जवस दोन कप पाण्यात घालून मध्यम आचेवर सतत ढवळत उकळा. आठ-दहा मिनिटांत पाणी चिकट होतं. चमचा उचलल्यावर तार सुटायला लागली की गॅस बंद करा आणि गरम आहे तोवरच मलमलच्या फडक्यातून गाळा. गार झाल्यावर गाळायला गेलात तर एक थेंबही खाली उतरणार नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. वास बदलला की टाकून द्यायचं. वापरताना दोन चमचे जेलमध्ये पाऊण वाटी कोमट पाणी घालून बाटलीत भरा. घट्ट जेल तसंच चोपडलंत तर वाळायला दुप्पट वेळ लागतो आणि विंचरताना पांढरे कण पडतात.

कोरफडीचं तयार जेलही चालतं, पण त्याची पकड हलकी असते.

एक वेटोळं, सावकाश

केस टॉवेलने टिपून, निथळणं थांबून, हाताला गार आणि दमट लागतील इतके वाळू द्या. चिंब केसांना पिना लावू नका. दमट हवेत अशी वेटोळी रात्रभरातही आतून वाळत नाहीत.

आता कानाच्या वर, बाजूला एक चौकोन पाडा. साधारण दोन सेंटिमीटर लांब, दोन रुंद. जाड केस असते तर तीन चालले असते. जेलपाण्याचे दोन फवारे मारा आणि बट मुळापासून टोकापर्यंत विंचरून घ्या. ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून ओढून सपाट फितीसारखी करा. गोल, पिळलेली बट गुंडाळली तर आत पीळ राहतो आणि विंचरल्यावर तिथे केस विस्कटतात.

टोकाकडे या. इथेच घाई होते. टोकाचे सगळे केस एकत्र, सरळ, वेटोळ्याच्या आत गेले पाहिजेत. चार केस जरी मुडपले तरी वाळल्यावर ते मोडल्यासारखे बाहेर डोकावतात आणि कितीही विंचरलं तरी बसत नाहीत. लेअर्स केलेल्या बारीक केसांत हे फार होतं, म्हणून टोकावर पर्मच्या कागदाचा किंवा पातळ टिश्यूचा छोटा तुकडा घडी करून धरा आणि त्याच्यासकट गुंडाळा.

गुंडाळायचं टोकापासून मुळाकडे. पहिला वेढा शक्य तितका लहान, जवळपास बंद. पुढचे वेढे त्याच्यावर एका पातळीत, आणि शेवटी वेटोळं डोक्यावर चपटं बसवायचं. बोटाभोवती गुंडाळून मग बोट काढून घेतात ती पद्धत सोपी आहे, पण त्यात मधे मोठं भोक राहतं आणि टोकापर्यंत वळण सारखंच सैल पडतं. मधे बंद वेटोळं केलं की टोकाकडे वळण घट्ट होत जातं, आणि बारीक केसांना टोकाशी तोच जोर हवा असतो.

हे वेटोळं नेमकं स्वतःच्या चौकोनावर बसलं पाहिजे. पार्लरच्या भाषेत याला नो-स्टेम म्हणतात. चौकोनाच्या कडेवर घसरलं तर हाफ-स्टेम, पूर्ण बाहेर गेलं तर फुल-स्टेम. स्टेम जितका लांब तितकी केसांना हालचाल जास्त आणि पकड कमी. बारीक केसांत सगळीकडे नो-स्टेम ठेवा. फक्त मानेवरच्या शेवटच्या ओळीत हाफ-स्टेम चालेल, नाहीतर तिथले केस मानेपासून उभे राहतात.

पिन वेटोळ्याच्या मधून घाला, एक पाय वेटोळ्याच्या वर, दुसरा खाली टाळूशी. मुळाशी ओढ बसून दुखत असेल तर सोडून पुन्हा बांधा. कपाळाकडचे बारीक केस अशा ओढीने तुटतात.

डोकभर मांडणी

पहिल्यांदा करताना एकच मांडणी शिका. डाव्या बाजूला, भुवईच्या कमानीच्या वर भांग. त्या काळी मधला भांग क्वचित दिसतो, कारण बाजूच्या भांगाने जड बाजूला, म्हणजे जिकडे जास्त केस पडतात तिकडे, उंची मिळते.

भांगाच्या जड बाजूला, कपाळावर, पहिली तीन वेटोळी उभी ठेवायची. रोलर जसा बसतो तशी, चपटी न करता मुळाशी पिन लावून. ती कोसळत असतील तर आत कापसाचा छोटा बोळा ठेवा. ही तीन उभी वेटोळीच पुढची उंची देतात, बाकी डोक्यावर सगळी चपटी. कपाळाच्या कडेला चौकोनाऐवजी त्रिकोण पाडा, म्हणजे विंचरल्यावर पुढच्या केसांत फट पडत नाही.

दोन्ही बाजूंची वेटोळी चेहऱ्यापासून मागच्या दिशेने फिरवा. मागे डोक्याच्या मध्यावर दोन भाग करून उजव्या भागात उजव्या बाजूची दिशा, डाव्यात डावीची. ओळी एकीखाली एक घेताना खालच्या ओळीचा चौकोन वरच्या दोन चौकोनांच्या मधे यावा, गवंडी विटा रचतो त्याप्रमाणे, म्हणजे केसांत रेघा दिसत नाहीत. सगळ्यात खालच्या दोन ओळी आतल्या बाजूला वळवा.

हात बसला की मग दिशा आलटून पालटून बघा: एक ओळ मागे, पुढची ओळ चेहऱ्याकडे. त्याने लाटांच्या कडा अधिक ठळक पडतात. चूक झाली तर गोंधळही तितकाच होतो, म्हणून सुरुवातीला नको. एका डोळ्यावर येणारी ती प्रसिद्ध मोठी लाट हवी असेल तर भांग आणखी खोल घेऊन जड बाजू पूर्ण एकाच दिशेने गुंडाळतात. हॉलिवूडच्या व्हेरॉनिका लेकचं नाव या लाटेशी जोडलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत काम करणाऱ्या मुली तिचं अनुकरण करायच्या आणि मोकळे केस यंत्रांत अडकण्याची भीती होती, म्हणून १९४३ साली सरकारच्या विनंतीवरून तिने केस वर बांधायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात वावरायचं असेल तर ती लाट आपणही पिनेने अडकवून ठेवावी.

वाळवणं

सेट संध्याकाळी करा, जाळी किंवा रुमाल बांधा आणि झोपा. सहा ते आठ तास धरून चाला, पावसाळी हवेत जास्त. चपट्या वेटोळ्यांवर झोपता येतं, मोठ्या रोलरवर येत नाही. पिन कर्लची मोठी सोय ही.

घाई असेल तर हेअर ड्रायरला जोडायची कापडी टोपी मिळते. मध्यम उष्णतेवर पाऊण ते एक तास. धातूच्या पिना तापून टाळूला चटका देऊ शकतात, अधूनमधून हात लावून बघत राहा. ड्रायर बंद केल्यावर लगेच पिना काढायच्या नाहीत. केस पूर्ण गार होईपर्यंत वीस मिनिटं तरी तसंच बसायचं. ऊन ऊन उघडलेलं वेटोळं हातात असतानाच सैल होतं.

वाळलं की नाही हे कळण्यासाठी मानेजवळचं एकच वेटोळं उघडून बोटांत धरा. गार लागलं तर आत ओल आहे. पुन्हा बांधा.

पिना काढल्यावर

खालच्या ओळीपासून वर या. पिन ओढायची नाही, उघडून काढायची. सगळ्या निघाल्या की आरशात जे दिसेल ते अजिबात छान नसेल. डोकं लहान झालेलं, त्यावर स्प्रिंगांची रांग, अधूनमधून टाळूच्या रेघा. अगदी बरोबर चाललंय.

तळहातावर खोबरेल किंवा बदाम तेलाचे दोन थेंब, खरोखर दोनच, चोळून पसरवा आणि केसांच्या खालच्या अर्ध्या भागावरून हात फिरवा. मुळांना लागू देऊ नका. मग बोटं घालून स्प्रिंगा एकमेकींत मोकळ्या करा.

आता दातांचा ब्रश. मानेजवळच्या खालच्या थरापासून सुरू करा, आधी टोकं, मग पूर्ण लांबी. हळूहळू वरचे थर सोडत या. शेवटी सगळे केस कपाळापासून मागे, सरळ, अगदी मुळापासून विंचरा. हात हलका नको. पाचेक मिनिटांत केस पिंजलेल्या कापसासारखे होतील, दुप्पट फुगलेले, आकार नसलेले. ‘बिघडलं’ म्हणून बहुतेक जणी इथे केस ओले करून टाकतात. तुम्ही विंचरत राहा.

फुगतात ते का, तर प्रत्येक वेटोळं अजून स्वतःच्या दिशेने ओढत असतं. ब्रश त्या बटा एकमेकींत मिसळतो. शेजारच्या बटांची वळणं जुळायला लागली की फुगवटा आपोआप खाली बसतो आणि केसांत आडव्या लाटा दिसायला लागतात. आधी कानाच्या मागे, मग बाजूला, सगळ्यात शेवटी पुढे. या टप्प्यावर ब्रशच्या प्रत्येक हाताबरोबर दुसरा तळहात केसांवरून मागोमाग फिरवा, म्हणजे उडणारे केस लाटेत बसतात. मऊ केसांचा ब्रश आता घ्या.

पुरेसं झालं हे ओळखायची खूण आहे. ब्रश मुळापासून टोकापर्यंत ओढा आणि सोडा. केस उडी मारून त्याच जागी, त्याच लाटेत परत आले तर थांबा. वेगळ्याच आकारात पडले तर अजून दोन-चार मिनिटं. एकूण दहा ते पंधरा मिनिटं सहज जातात. हात दुखतात, मैत्रीण असेल तर तिला कामाला लावा.

कोरड्या हवेत नायलॉनच्या ब्रशने केस वीज धरून उभे राहतात. ब्रशवर पाण्याचा एक बारीक फवारा मारून तो टॉवेलला पुसून घेतला की बसतात. केसांवर पाणी मारायचं नाही.

लाटा पक्क्या करणं

पुढच्या लाटा बोटांनी घडवाव्या लागतात. लाट जिथे आत जाते तिथे तर्जनी ठेवा, दुसऱ्या हाताने खालचे केस किंचित वर ढकला. कड उभी राहिली की तिच्यावर लांब चोचीचा चाप आडवा लावा, खाली टिश्यूचा तुकडा ठेवून म्हणजे खूण पडणार नाही. अशा दोन-तीन कडा धरल्या की हेअर स्प्रेचा हलका फवारा, हातभर अंतरावरून. दहा मिनिटांनी चाप काढा. तोवर साडी नेसून होते.

टाळू चपटी राहिली असेल तर मागच्या एका बटेत मुळाशी तीनदा उलटा कंगवा करा आणि वरचा थर त्यावर गुळगुळीत विंचरून टाका. बारीक केसांत याहून जास्त उलटा कंगवा म्हणजे रात्री रडत गुंता सोडवणं.

स्प्रे पेट घेतो. मारून लगेच गॅसपाशी किंवा देवापुढे निरांजन लावायला जाऊ नका, वाळू द्या.

गजरा माळायचा असेल तर तो लाटांवर टाकू नका. विकणारी बाई फुलांवर पाणी मारून ठेवते आणि ती ओल खालचा भाग सरळ करते. गजरा झटकून, टिपून, मागे जिथे केस पिनेने एकत्र धरले असतील तिथे लावा.

काही अडलं तर

लाटा तासाभरात उतरल्या, तर बहुधा आत ओल होती किंवा वेटोळी मोठी होती. पुढच्या वेळी चौकोन आणखी लहान करा, एकदम जेल वाढवू नका. केस कडक, चिकट लागत असतील तर जेल जास्त झालं. मुळाजवळ आडवी घडी पडली असेल तर पिन केसांवर दाबून बसली होती. त्या जागी ओलसर बोट फिरवा आणि ड्रायरचा गार झोत द्या. केस कुरळे नव्हे तर नुसते फुगीर दिसत असतील तर तुम्ही मधेच थांबलात. परत ब्रश घ्या.

आणि हवाच इतकी दमट असेल की काही वाळतच नाही, तर त्या दिवशी ओला सेट सोडा. पूर्ण कोरड्या केसांवर १९ मिलिमीटरच्या आयर्नने बट गुंडाळा, उष्णता दीडशे-एकशे साठ अंशांच्या वर न्यायची बारीक केसांना गरज नसते. आयर्न काढून ती गरम बट लगेच वेटोळ्यात पिन करा. सगळं डोकं गार होईपर्यंत थांबा आणि विंचरा. ओल्या सेटइतकं टिकत नाही, पण एक संध्याकाळ निघते.

रात्र आणि पुढचे दिवस

झोपताना केस कोरडेच ठेवून दहा-बारा मोठी वेटोळी करा, आधीच्याच दिशेने, आणि सॅटिनचा रुमाल बांधा. फवारा नको, जेल नको. सकाळी दोन मिनिटं विंचरलं की झालं. दुसऱ्या दिवशीचे केस पहिल्यापेक्षा मऊ पडतात आणि लाटा मोठ्या, सलग दिसतात. समारंभ असेल तर सेट आदल्या दिवसाच्याही आदल्या रात्री करावा असं माझं मत आहे. अंघोळीला जाताना मात्र रुमालावरून प्लास्टिकची टोपी घाला, बंद न्हाणीघरातली वाफ लाटांना पुरते.

तिसऱ्या दिवशी मुळं तेलकट झाली की वरचे केस मागे वळवून पिना लावा, खालच्या लाटा मोकळ्या सोडा. धुताना आधी नुसत्या कोमट पाण्याने जेल आणि स्प्रे विरघळू द्या, मग शाम्पू. कोरड्या केसांतला स्प्रे कंगव्याने सोडवायला गेलात तर बारीक केस तुटतात. ब्रशही त्याच दिवशी धुवा: अडकलेले केस काढून, शाम्पूच्या पाण्यात दाते खाली करून बुडवायचा आणि दाते खालीच ठेवून वाळवायचा, म्हणजे गादीत पाणी साचत नाही. पिना पुसून कोरड्या डब्यात ठेवा. गंज चढलेल्या पिनेचा डाग उशीच्या अभ्र्यावरून जात नाही.